रोज एक माळ, रोज एक किलोमीटर

आपल्या लघवीकडे निरखून पाहावं असं मला सत्तेचाळीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं. आता रोज पाहतो. दिवा लावून, वाकून, चष्मा पुसून. घरात यावर कोणी हसत नाही, आणि मीच हसत नाही म्हटल्यावर प्रकरण किती गंभीर असेल ते ओळखा.

हे लिहितोय ते ज्याला नुकतंच धावता येऊ लागलंय आणि ज्याला वाटतंय की आपल्यात काहीतरी आहे, अशा माणसासाठी. असेल. माझ्यातही होतं. ते मूत्रपिंडात जाऊन अडकलं.

संकल्प

मी सिंदी रेल्वेला राहतो, सरकारी कार्यालयात बाबू आहे. खुर्चीत बसून कमावलेलं पोट आणि काठावर आलेली साखर, एवढी माझी मिळकत. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून पहाटे निघू लागलो, तर रस्त्यात धावणाऱ्या सहा जणांची टोळी भेटली. टोळीचे म्होरके तिजारे सर. शाळेत ड्रिल शिकवून निवृत्त झालेले. अजूनही माणसाशी बोलताना रांगेतल्या पोराशी बोलावं तसे बोलतात. त्यांच्या मागे लागून पावसाळा संपेपर्यंत मी न थांबता पाच किलोमीटर धावू लागलो. आठवड्यातून चार दिवस. म्हणजे आठवड्याला वीस.

एवढ्यावर समाधानी राहिलो असतो तर हे लिहायची वेळ आली नसती. पण डिसेंबरात नागपुरात एकवीस किलोमीटरची दौड होती. धावून झाल्यावर चहा पिताना टोळीतले नावं लिहू लागले, आणि चहाच्या भरात मीही लिहिलं.

तिजारे सरांनी कागद पाहिला आणि म्हणाले, पुढच्या सालच्या दौडीत लिहा. मग त्यांनी नेहमीचं गणित सांगितलं. आठवड्याला जेवढं धावता त्याचा दहावा हिस्सा पुढच्या आठवड्यात वाढवायचा, जास्त नाही. तीन आठवडे वाढवलं की चौथ्यात कमी करायचं. आणि एक वाक्य, जे मला आता झोपेतही पाठ आहे: "बाबू, दम दोन महिन्यात येते. हाडं अन् नसा साल-साल मागं राह्यतात. दमाच्या भरोशावर जाऊ नका."

मी मान डोलावली. मान डोलावणं हा आम्हा बाबू लोकांचा मुख्य व्यायाम.

तेवढ्यात घटस्थापना आली. आमच्याकडे घट बसतो आणि रोज त्यावर एक माळ चढते. पहिल्या दिवशी बायको सुषमा झेंडूची माळ बांधत होती, मी स्टुलावर चढून दोरा ओढत होतो, आणि तिथेच, स्टुलावर, मला ते सुचलं. रोज एक माळ, रोज एक किलोमीटर. आज सहा, उद्या सात, नवव्या माळेला चौदा. दसऱ्याला आराम, मग एकवीस कितीसं लांब? शिवाय नऊ दिवसांचा उपास आणि अनवाणी पाय. आमच्याकडे नवरात्रात कितीतरी माणसं चप्पल सोडतात. पण ती देवळापर्यंत जातात. सेलूच्या डांबरी रस्त्यानं चौदा किलोमीटर पळत जात नाहीत. आणि मंडळाची आरती होईस्तोवर पाणी तोंडात घ्यायचं नाही, ही भर मी स्वतःच घातली. नवस करताना माझा हात सैल असतो.

टोळीच्या ग्रुपवर संकल्प टाकला. हात जोडलेले, फुलं वाहिलेले पंधरा-वीस निरोप आले. तिजारे सरांनी काही लिहिलं नाही. सायकल काढून घरी आले. आठवड्याला वीस धावणारा माणूस नऊ दिवसांत नव्वद धावणार, हे त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. मी म्हणालो, सर, आता देवीच्या नावानं बोलून बसलो, मागं कसा येऊ?

सुषमा आतून पाणी घेऊन आली आणि म्हणाली, "देवीनं सांगतलं होतं काय तुमाले पयाले? तिच्याजवळ वाघ हाये. तिले तुमची काय गरज?"

सर हसले. मीही हसलो. एवढं नेमकं बोललेलं माणूस हसण्यावारी नेतो, ही माझी पहिली चूक लिहून ठेवा. पुढच्याही येताहेत.

पायऱ्या

पहिले दोन दिवस मी देवासारखा धावलो. तिसऱ्या दिवशी पोटऱ्या लाकडाच्या झाल्या. अनवाणी धावताना टाच टेकवत नाही माणूस, सगळा भार पंजावर आणि पोटरीवर येतो. हे मला नंतर कळलं. चौथ्या माळेला कार्यालयाचा जिना उतरता येईना, म्हणून कठडा धरून उलटा उतरू लागलो. खालच्या मजल्यावरच्या आवक-जावकच्या बाईंनी विचारलं, "साहेब, उलटं उतराचाबी नवस हाये काय?" मी म्हणालो, होय. 

पाचव्या दिवशी माझा साळा प्रवीण आंजीहून सीताफळं घेऊन आला. त्याची कंबर धरलेली असते, म्हणून खिशात दुखीच्या गोळ्यांचं पाकीट कायम. माझी चाल पाहून त्यानं दोन काढून दिल्या आणि सांगितलं, एक आज, एक उद्या, अन् खाऊन घेजा. दुपारपर्यंत दोन्ही संपल्या, त्याही उपाशीपोटी. मग दुकानातून अख्खं पाकीट आणलं आणि दिवसाला चारवर गेलो. गोळी घेतली की पाय माझे नसल्यासारखे वाटत. मला ते फार सोयीचं वाटलं.

सहाव्या दिवशी मांड्या सुजून टणक झाल्या. तुम्ही म्हणाल, आता तरी थांबला असशील. मी मुलीला बोलावून मांडी दाखवली आणि म्हणालो, पाह्य, कसे मसल बनून राह्यले. ती बारावीत आहे. तिनं बोट लावून पाहिलं, बोटाचा खड्डा तसाच राहिला. तिनं मला नीट विचारलं होतं, बाबा, हे बरोबर हाये का?

सातव्या माळेला लघवी गडद झाली. ऑक्टोबरचं ऊन, म्हटलं. आठव्या दिवशी तेरा किलोमीटर होते; शेवटचे तीन मी सोयाबीन काढलेल्या वावरांकडे पाहत, दगडावर बसत-उठत, चालत संपवले. दुपारी घरी मोरीत गेलो तर दूध न घातलेल्या चहासारखी धार पडली.

इथे मला खरं सांगायला हवं. मला कळलं होतं. काय झालं ते नाही, पण काहीतरी मोठं बिघडलंय हे त्या क्षणी कळलं.  आणि मी काय केलं? दोन बादल्या पाणी ओतलं, दार उघडलं आणि बाहेर येऊन सुषमाला म्हणालो, आज मस्त झालं धावणं. कारण एकच माळ उरली होती.

नववी

नवव्या दिवशी पहाटे पाय पलंगावरून उचलेनात. हातांनी मांडी धरून एकेक पाय खाली ठेवला. सुषमाला सांगितलं, आज थोडा उशिरा जातो. भिंत धरत मोरीत गेलो. चार थेंब आले, काळे. आणि नेमकं त्या दिवशी नळाला पाणी नव्हतं.

ती माझ्यानंतर आत गेली आणि लगेच बाहेर आली.

"हे काय हाये?"

"काल बीट खाल्लं."

"उपासात बीट कोण खाते?"

तिनं मला खिडकीशी ओढून डोळ्याची पापणी खाली केली. तिला कावीळ वाटली. डोळे पांढरे होते. त्यानं ती आणखी घाबरली, कारण कावीळ तिला माहीत होती, हे माहीत नव्हतं.

गावातल्या डॉक्टरांकडे तिनं मला शेजाऱ्यांच्या गाडीत घालून नेलं. आम्ही त्यांच्याकडे वीस वर्षं जातो, ते बोलता बोलता चिठ्ठी लिहीत असतात. त्यांनी मांडी दाबली, मी ओरडलो. किती धावले विचारलं, सांगितलं. गोळ्या किती, सांगितलं. शेवटची लघवी कधी? काल संध्याकाळपासून नाही म्हटलं तरी चालेल, चार थेंब. त्यांचा पेन थांबला.

"गाडी बाहेर हाये ना? आत्ताच वर्ध्याले न्या. घरी जाऊन कपडे-बिपडे घेऊ नका."

आजारात सगळ्यात भीतीचं वाक्य कोणतं असं मला कोणी विचारलं तर मी हेच सांगेन. त्यात रोगाचं नाव नाही, काही नाही. फक्त कपडे घ्यायला वेळ नाही.

विश्रांती कधी

वर्ध्याच्या दवाखान्यात ज्या डॉक्टर ताईंनी मला पाहिलं त्या माझ्या मुलीपेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठ्या असतील. आधी पायांचे तळवे पाहिले, फोड आणि डांबर. मग रक्त नेलं. दोन तासांनी आल्या आणि खाटेशी उभं न राहता स्टूल ओढून बसल्या. डॉक्टर स्टूल ओढून बसले की समजायचं.

त्यांनी सोपं करून सांगितलं. तुमचे स्नायू तुटलेत, त्यांचा कचरा रक्तात उतरलाय आणि किडनीच्या चाळणीत जाऊन बसलाय. पाणी कमी होतं, गोळ्यांनी उरलंसुरलं बिघडवलं. किडन्या सध्या जवळपास बंद आहेत.

मग त्यांनी विचारलं, रोज किती वाढवत होता? मी माळांचं सांगितलं. त्या लिहीत होत्या, थांबल्या.

"आणि काका, यात विश्रांती कधी होती?"

"दसऱ्याला," मी म्हणालो.

त्या हसल्या नाहीत. सुषमा माझ्या उशाशी उभी होती, तीही नाही. खोली फार मोठी वाटू लागली.

मी विचारलं, परत सुरू होतील? त्या म्हणाल्या, बहुतेकांच्या होतात. मी आयुष्यभर अर्जांवर शेरे मारलेत. "बहुतेक" या शब्दात किती अर्ज अडकून राहतात ते मला माहीत आहे.

शेजारची खाट

शेजारच्या खाटेवर वानखडे काका होते. तळेगावचे, निवृत्त कंडक्टर. तिसरं वर्ष डायलिसिसवर, आठवड्यातून दोनदा. या वेळी ताप भरला म्हणून भरती. त्यांनी माझी सगळी हकीकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "लोकं आजारानं इथं येतात भाऊ, तुमी पयत आले."

दवाखान्याचा दिवस असा असायचा: पहाटे रक्त, मग चहा ज्यातला मला अर्धा कप, मग सलाईन, मग नळी लावलेल्या पिशवीकडे बघणं. सुषमा दर चार तासांनी पिशवीतलं माप पाहून कॅलेंडरच्या पाठीवर लिहायची. चाळीस. तीस. काही नाही. पंचवीस. डॉक्टर ताई सकाळी रक्ताचा आकडा सांगत, तो रोज वर चढत होता. मला गंमत वाटायला हवी होती. रोज चढणारा आकडा मलाच तर हवा होता.

दसऱ्याला सिस्टरनं प्रत्येक खाटेवर आपट्याचं एकेक पान ठेवलं. त्याच दुपारी डॉक्टर ताई संमतीचा कागद घेऊन आल्या. पोटॅशियम वाढलंय, थांबता येणार नाही, मानेत नळी घालून डायलिसिस करावं लागेल. मी सही केली तेव्हा माझं नाव मला लिहिता येईना. हजारो कागदांवर केलेली सही, ती वाकडी आली.

वानखडे काकांना मी विचारलं, दुखते का? ते म्हणाले, दुखत नाई, थंडी वाजते. मग म्हणाले, "काहींचं येण्या-जाण्याचं तिकीट असते. माझा पास हाये. तुमचं काय ते आठ-दहा दिवसात समजन." त्यांनी ते वाईट वाटावं म्हणून म्हटलं नव्हतं. पण पास हा शब्द माझ्या छातीवर बसला तो उठेना.

थंडी खरंच वाजते. आपलं रक्त नळीतून बाहेर जाताना दिसतं, यंत्रात फिरतं आणि परत येतं, आणि चार तास आपण त्याच्याकडे बघत पडून राहायचं. देवीकडे मी काही मागितलं नाही. तोंड नव्हतं. एकच विचार फिरत होता, हे आठवड्यातून दोनदा, मरेपर्यंत, आणि कशासाठी? चहावर लिहिलेल्या एका नावासाठी.

दारातला माणूस

प्रवीण रोज आंजीहून यायचा, डबा द्यायचा आणि दारातच उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी सुषमा त्याला ओढत आत घेऊन आली. तो माझ्याकडे न पाहता म्हणाला, "भाऊजी, गोळ्या मी देल्या."

मी म्हणालो, तू दोन देल्या आणि खाऊन घ्या म्हणाला, मी पाकीट संपवलं. तुझा काही दोष नाही. तो रडला. सहा फुटी माणूस, नांगराला जुंपता येईल असा. मला त्याचं रडणं पाहवेना, म्हणून मी वानखडे काकांकडे पाहिलं, तर ते पाठ फिरवून झोपल्याचं सोंग करत होते.

सुषमा मात्र रडली नाही आणि माझ्याशी फारशी बोललीही नाही. ती रागावली होती आणि तो राग खराच होता. मी तिच्याशी आठव्या दिवशी खोटं बोललो होतो, आणि ते तिला बिटापेक्षा जास्त लागलं होतं. दुसऱ्या डायलिसिसनंतर, पिशवी अजून रिकामीच असताना, ती तासभर कुठेतरी गेली. परत आली तेव्हा तिच्या कोपरात कापसाचा बोळा होता.

"तुमचा रक्तगट बी पॉझिटिव्ह ना?"

"हो."

"माझाबी तोच हाये. आताच तपासून आली."

 मला त्या क्षणी आजारापेक्षा तिच्या त्या बोळ्याची जास्त भीती वाटली. तुझी किडनी मला नको, मी म्हणालो. ती म्हणाली, "तुमाले कोण विचारून राह्यलं? नव्वद किलोमीटर पयताना मले विचारलं होतं काय?"

माप

तिसरं डायलिसिस झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुषमानं पिशवी पाहिली आणि लिहायची थांबली. तिनं वाकून पुन्हा पाहिलं, मग सिस्टरला बोलावलं. साडेचारशे. रंग फिका पिवळा. सिस्टर म्हणाली, येऊन राह्यली, आता येईल. सुषमा पिशवीसमोर जमिनीवरच बसली आणि पदर तोंडाला लावून तिनं पहिल्यांदा रडून घेतलं. तेवढं रडणं मी कशासाठी पाहिलं, तर लघवीसाठी.

वानखडे काकांनी पलीकडून विचारलं, किती?

काकांना स्वतःची लघवी होऊन दोन वर्षं झाली होती, त्यांनीच मला सांगितलं होतं. मी म्हणालो, "दोनशे."

"बढिया," ते म्हणाले. "दोनशे म्हणजे बढिया."

त्यानंतर आकडा रोज उतरला. आठ दिवसांनी मानेतली नळी निघाली. घरी जाताना काकांना पायांना हात लावून नमस्कार केला तर म्हणाले, आता इकडं येजो नको. मी गेलो नाही. तपासणीला जातो तेव्हाही त्या वॉर्डाच्या दारासमोरून पटकन जातो. हा माझा भेकडपणा आहे, त्यावर मला विनोद सुचत नाही.

आता

दीड महिन्यानं रक्ताचा आकडा नेहमीच्या जागी आला. डॉक्टर ताईंनी धावायला बंदी केली नाही. त्यांनी केली असती तर मला सुटल्यासारखं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, हळूहळू सुरू करा, पण पुन्हा तसं केलं तर पुन्हा तसंच होईल. म्हणजे भीती आजाराची उरली नाही, माझी उरली. जो माणूस काळी लघवी पाहून दोन बादल्या पाणी ओततो, तो अजून माझ्याच अंगात राहतो. त्याला मी ओळखतो. तो फार गोड बोलतो.

तिजारे सर घरी आले, एका शब्दानं टोचलं नाही. महिनाभर नुसतं चालायला लावलं. मग एक मिनिट धावायचं, दोन मिनिटं चालायचं, आठवड्यातून तीनच दिवस आणि मधला दिवस सुट्टीचा. चौथा आठवडा उतरता. उपासाच्या दिवशी, तापात, पोट बिघडलं असताना धावणं नाही. दुखणं दाबायला गोळी नाही, कारण दुखणं हाच निरोप असतो. दुखण्यानं चाल बदलली तर घरी बसायचं. लघवी गडद दिसली तर त्याच तासाला दवाखाना, आणि घरात सांगायचं. हे शेवटचं सुषमानं घातलं. तुम्हीही यातलं दुसरं काही नाही तरी एवढं घ्या.

ग्रुपवर मला आता वहिनी म्हणतात, कारण मी नव्या नवरीसारखा जपून पाऊल टाकतो. म्हणू दे. पोटरीत साधी चमक आली तरी मला अंगावर काटा येतो, मी थांबतो, दाबून पाहतो, घाम पुसतो.

मागच्या आठवड्यात सलग बारा मिनिटांची मुभा मिळाली. सुषमा स्कूटी घेऊन सोबत आली. रस्त्याच्या कडेला ती मोबाईलमध्ये घड्याळ लावून उभी राहते, कारण माझ्या घड्याळावर तिचा विश्वास नाही. त्या सकाळी हवा थंड होती. सातव्या-आठव्या मिनिटाला श्वास असा जुळून आला की कानाला ऐकू येईना. पाय हलके. मागून टोळी आली, माझ्या बरोबरीनं धावू लागली, कोणीतरी म्हणालं, चाला बाबू, पुलापर्यंत. पूल समोर दिसत होता. मला जाता आलं असतं. खरंच सांगतो, सहज.

बारा झाले आणि मी थांबलो. टोळी पुढे गेली. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. 

सुषमा स्कूटी घेऊन जवळ आली. चेहरा उतरलेला.

"दुखते काय?"

"नाई."

"दम लागला?"

"नाई. पुलापर्यंत गेलो असतो."

तिनं पुलाकडे जाणाऱ्या टोळीकडे पाहिलं. मग स्कूटीवर पुढे सरकली आणि मागची जागा हातानं झटकून म्हणाली, "बसा."